जर्सी पोगाचारची, घाट बोपदेवचा!

वीकेण्डला सायकल काढायची, तर अंगात थेट युरोपातल्या प्रो टीमची जर्सी. ही फॅनगिरी, फॅशन की नुसतंच भाव खाणं?

रविवार, सकाळचे सव्वासहा. बोपदेव घाट चढून आलेल्या सात-आठ सायकली चहाच्या टपरीशेजारी टेकवलेल्या. मालक मंडळी घामाघूम. एकाच्या छातीवर 'यूएई टीम एमिरेट्स', दुसऱ्याच्या पाठीवर 'व्हिस्मा लीज अ बाइक', तिसरा डोक्यापासून मांडीपर्यंत 'ईएफ एज्युकेशन'च्या झगझगीत गुलाबी रंगात. सोमवारी हेच तिघं हिंजवडीत स्टँडअप मीटिंगला डोळे चोळत उभे असणार. पण आत्ता, दूरून पाहिलं तर, फ्रान्समधली रेस रस्ता चुकून सासवडच्या दिशेला आली की काय असं वाटावं.

तेवढ्यात साधा टी-शर्ट आणि बर्मुडा घातलेला एक काका जुन्या सायकलवरून येतो, यांच्याआधी कधीतरी वर पोचून परत निघालेला असतो, आणि जाता जाता विचारतो, ''काय, टूर द फ्रान्सला का?'' सगळे हसतात. पांढऱ्या जर्सीतला जरा जास्तच जोरात हसतो आणि पोटाशी ताणलेली चेन उगाच थोडी खाली ओढतो.

पुण्यात बोपदेव किंवा सिंहगड, ठाण्यात येऊर, नवी मुंबईत पाम बीच रोड, मुंबईत मरीन ड्राइव्ह. वीकेण्डला यातल्या कुठल्याही रस्त्यावर गेलात तर हा सीन थोड्याफार फरकाने बघायला मिळेल. पहिली चांगली सायकल घेऊन तीन-चार महिने झाले, की पुढचा प्रश्न कपड्यांचा येतो. आणि तिथेच ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, बिनधास्त घाल रे. दुसरा म्हणतो, टीममध्ये आहेस का तू? मग कशाला?

हा दुसरा तट आपल्याकडे आलाय तो आयात होऊन. ब्रिटन-अमेरिकेतल्या हौशी सायकलस्वारांमध्ये हा वाद जुना आहे. 'व्हेलोमिनाटी' नावाच्या मंडळींनी तर २०१३ साली 'द रूल्स' नावाचं अर्धं चेष्टेचं, अर्धं गंभीर पुस्तकच काढलं. त्यात सतराव्या नियमाचा मतितार्थ असा, की टीमचे कपडे टीमच्या लोकांनीच घालावेत. ब्रिटनमध्ये डोक्यापासून पायापर्यंत टीमचा ड्रेस चढवणाऱ्यासाठी एक खास शब्दही आहे, तो फुटबॉलमधून आलाय आणि इथे छापण्यासारखा नाही. छापण्यासारखा आहे तो 'मॅमिल'. 'मिडल एज्ड मेन इन लायक्रा'ची ही आद्याक्षरं. २०१० साली मिंटेल या मार्केट रिसर्च कंपनीनं हा शब्द आणला आणि चाळिशीत महागडी सायकल घेणाऱ्या समस्त पुरुषवर्गाला तो कायमचा चिकटला.

आता गंमत बघा. शुक्रवारी ऑफिसात बार्सिलोनाची जर्सी घालून कुणी आलं तर त्याला 'तू कधी खेळलास रे कॅम्प नोऊला?' असं कोणी विचारत नाही. वानखेडेवर चेन्नईचे पिवळे शर्ट घालून अर्धं स्टॅण्ड भरतं, धोनीचा सात नंबर पाठीवर घेऊन लोक वडापाव खातात, सगळं नॉर्मल. मग सायकलवाल्यालाच का टोमणे?

कारण सोपं आहे. धोनीची जर्सी घातलेला माणूस खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो. सायकलवाला मात्र तीच जर्सी घालून तेच काम करायला रस्त्यावर उतरतो. म्हणजे गल्लीत रबरी बॉलची मॅच आहे आणि एकजण हेल्मेट, थायपॅड, एल्बो गार्ड आणि टीम इंडियाचा फुल ड्रेस घालून ओपनिंगला आलाय! पहिल्याच बॉलवर त्याची दांडी उडाली तर गल्ली हसणारच. कपड्यांनी केलेला दावा आणि पायांनी दिलेला पुरावा, दोन्ही एकाच वेळी सगळ्यांना दिसतात. चढावर लपायला जागा नसते.

सलामी, चिमणी आणि बाथरूमचे नळ

पण ही जर्सी मुळात आहे काय? इथे जरा इतिहासात डोकावायला हवं, कारण तो जाम धमाल आहे.

सायकलच्या टीम पूर्वी सायकली बनवणाऱ्या कंपन्यांच्या असत. बियांची, लेन्यानो, प्यूजो वगैरे. सायकलवाला जिंकला, की सायकल खपायची, हिशेब सरळ. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत स्कूटर आणि मोटारी आल्या, सायकलींचा धंदा बसायला लागला आणि टीमना पैसे कमी पडू लागले. तेव्हा फिओरेंझो माग्नी या रेसरनं १९५४ साली चक्क निव्हिया क्रीमचे पैसे आणले. सायकलीशी काडीचा संबंध नसलेली कंपनी जर्सीवर! लोकांनी नाकं मुरडली, पण बांध फुटला तो फुटलाच. टूर द फ्रान्स १९३० पासून देशांच्या टीमवर चालत होती. तिथेही १९६२ मध्ये कंपन्यांच्या टीम परत आल्या.

मग काय! एडी मर्क्स, म्हणजे सायकलिंगचा ब्रॅडमन, त्याची १९७१ पासूनची सहा वर्षं केशरी-तपकिरी रंगाच्या मोल्तेनी जर्सीत गेली. मोल्तेनी सलामी आणि सॉसेज बनवायची. त्याआधी तो फाएमाकडे होता, ती कॉफी मशिनवाली. नव्वदच्या दशकातली मापेईची रंगीबेरंगी ठोकळ्यांची जर्सी आजही लोक जपून ठेवतात. मापेई टाइल्स चिकटवायचं रसायन विकते. कारेरा जीन्सच्या टीमनं तर लायक्राच्या चड्डीवर डेनिमचं प्रिंट काढलं होतं आणि कास्तोरामा या घरदुरुस्तीच्या दुकानांच्या टीमनं जर्सीवर मिस्त्रीचा डांगरीसारखा ड्रेस. अलीकडचं बघायचं तर 'रेड बुल बोरा हान्सग्रोहे'. त्यातली बोरा स्वयंपाकघरातल्या शेगड्या आणि धूर खेचणाऱ्या यंत्रणा बनवते, हान्सग्रोहे बाथरूमचे नळ. 'सूडाल क्विक-स्टेप'मधलं एक नाव सीलंटचं, दुसरं फ्लोअरिंगचं. आपला भाऊ घाटात जीव तोडून चढतोय आणि त्याच्या पाठीवर कुणाच्या तरी किचन-बाथरूमचं रिनोव्हेशन!

हे इतकं जाहिरातमय का, तर सायकल रेसला तिकीट नसतं. लोक फुकट रस्त्याकडेला उभे राहतात. टीव्हीचे पैसे रेसच्या आयोजकांकडे जातात, टीमला त्यातून हाताला फारसं काही लागत नाही. क्रिकेटच्या फ्रँचायझीसारखं होम ग्राउंड नाही, गेट मनी नाही. टीम जगते ती बहुतांशी स्पॉन्सरच्या जिवावर, आणि स्पॉन्सरला मिळते ती एकच गोष्ट, छाती-पाठीवरची जागा. म्हणून स्पॉन्सर गेला की टीमचं नावच जातं. स्काय २०१० मध्ये आली, विगिन्स, फ्रूम, थॉमस असे विजेते देऊन २०१९ मध्ये इनिओस झाली. जम्बो या डच सुपरमार्केटचं नाव २०२३ नंतर उतरलं. तुम्ही हौसेनं घेतलेली जर्सी दोन वर्षांत 'जुना माल' होते ती अशी.

आता सांगा, जी गोष्ट मुळात लोकांच्या नजरेत भरावी म्हणूनच बनवलीय ती लोकांनी घातली तर बिघडलं कुठे? पैसे आपले, जाहिरात त्यांची, उलट त्यांनीच आपल्याला चहा पाजायला हवा. शिवाय आपल्याकडे एक मोठा फरक आहे. लंडनच्या रस्त्यावर जर्सी बघून 'हा काय पोगाचार समजतो स्वतःला?' असं म्हणणारे चार लोक भेटतील. खडकवासल्याच्या वाटेवर व्हिस्मा म्हणजे काय हे कुणाला माहीत आहे? तिथे प्रश्न टीमचा नसतोच, प्रश्न चड्डीचा असतो! सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, दूधवाला, बाल्कनीतल्या काकू, सगळ्यांची नजर टाइट लायक्रावर. ती नजर ज्यानं पचवली त्यानं जर्सीवरच्या अक्षरांची चिंता करू नये. सतरावा नियम इथे लावणं म्हणजे उकाड्यात लोकरीचा कोट घालण्यासारखं आहे. आमचं मत विचाराल तर टीमची जर्सी घाला, बिनधास्त.

पण पिवळी? नको!

आता याच न्यायानं 'सगळंच चालतं' असं मात्र नाही. काही जर्सी विकत मिळतात, पण विकत घ्यायच्या नसतात.

पिवळी जर्सी घ्या. टूरमध्ये एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असलेल्या रायडरला ती मिळते. १९ जुलै १९१९ ला ग्रेनोब्लमध्ये यूजीन क्रिस्तोफच्या अंगावर ती पहिल्यांदा चढली. पिवळीच का? तर रेस भरवणारं 'लोटो' हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. इटलीच्या जिरोची जर्सी गुलाबी, कारण 'गझेता देल्लो स्पोर्त'चा कागद गुलाबी. ती १९३१ पासून. हे दोन रंग इतके पवित्र मानले जातात, की खुद्द प्रो टीमही मागे सरतात. स्पेनच्या ओन्से या टीमची जर्सी एरवी पिवळी होती, पण टूरमध्ये ती टीम गुलाबी होऊन उतरायची. उलट ईएफची गुलाबी टीम २०२० च्या जिरोला बदकांची चित्रं असलेल्या भन्नाट कपड्यांत आली, आणि त्याबद्दल यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, त्यांना दंडही केला.

याहून वरची ती इंद्रधनुष्यी. पांढऱ्या जर्सीवर छातीभोवती निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पाच पट्टे. वर्ल्ड चॅम्पियनला ती एक वर्ष घालायला मिळते. वर्ष संपलं, की जर्सी जाते, पण बाहीच्या आणि कॉलरच्या कडेला ते पट्टे लावायचा हक्क आयुष्यभर राहतो. जगातली इतकी माणसं सायकल चालवतात आणि त्यातल्या मोजक्यांनाच बाहीवर ते अर्ध्या इंचाचे पट्टे मिळतात. तुमची-माझी एक तारखेला पगार झाला म्हणून ऑनलाइन ऑर्डर केलेली इंद्रधनुष्यी जर्सी म्हणजे, दुसऱ्याच्या मेडलचा फोटो फ्रेम करून आपल्या हॉलमध्ये लावणं. आणि खरी पंचाईत पोगाचारच्या फॅनची. त्यानं २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, त्यामुळे तो स्वतः टीमच्या साध्या जर्सीत फारसा दिसलाच नाही. सेम टू सेम पोगाचार दिसायचं असेल तर नेमकी तीच जर्सी घ्यावी लागते जी घेऊ नये!

ठिपक्यांच्या जर्सीला मात्र थोडी सूट देऊ. १९७५ साली घाटांच्या राजासाठी सुरू झालेली ही पांढऱ्यावर लाल ठिपके. टूरच्या आधी जाणाऱ्या जाहिरातीच्या गाड्यांमधूनच तसे टी-शर्ट आणि टोप्या लोकांकडे भिरकावल्या जातात. आजी-आजोबा, शेंबडी पोरं, सगळे ठिपकेदार होऊन रस्त्याकडेला नाचतात. तिथे तो उत्सवाचा ड्रेस आहे. सिंहगड चढताना घालायचा, तर आधी सिंहगड न थांबता चढून दाखवा.

त्या पिवळ्या बँडचं काय झालं?

जर्सी घालणं म्हणजे कुणाच्या तरी नावाची हमी घेणं, हे आपल्या पिढीतल्या अनेकांनी कडू घोट घेऊन शिकलंय. २००४ साली तो पिवळा रबरी 'लिव्हस्ट्राँग' बँड आला, आठवतंय? कॉलेजच्या कट्ट्यावर ज्याच्या-त्याच्या मनगटावर तो असायचा. अर्ध्यांना टूर द फ्रान्स कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण कॅन्सरवर मात करून ओळीनं सात टूर जिंकणारा लान्स आर्मस्ट्राँग माहीत होता. कुणाच्या घरात पेशंट होता, कुणाच्या मित्राच्या आईची केमो चालू होती. तो बँड नुसती फॅशन नव्हता. आणि ज्यांनी पुढे नोकरी लागल्यावर सायकल घेतली, त्यांच्यातल्या किती जणांना पहिली जर्सी यूएस पोस्टलची निळी हवी होती!

ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर बसून त्यानं डोपिंगची कबुली दिली. कपाटातल्या त्या निळ्या जर्सीचं मग काय करायचं? टाकून द्यावी तर पहिले शंभर किलोमीटर तिच्यातच झालेले. घालावी तर ग्रुपमध्ये कोणीतरी इंजेक्शनचा जोक मारणार. त्याच्याकडे पाहून ज्यांनी हॉस्पिटलचे महिने काढले, त्यांचं ते काढणं काही खोटं नव्हतं. जर्सी मात्र बहुतेकांची कपाटाच्या तळाशी गेली आणि तिथेच राहिली.

हे एकट्या आर्मस्ट्राँगचं नाही. फोनॅक ही श्रवणयंत्रांची कंपनी. तिच्या फ्लॉइड लँडिसनं २००६ ची टूर जिंकली, टेस्टमध्ये सापडला, टीमच बंद झाली. टी-मोबाइल २००७ च्या अखेरीस डोपिंगला कंटाळून बाहेर पडली. राबोबँकेनं २०१२ मध्ये हात झटकले.

आणि आता तर प्रश्न डोपिंगपुरताही राहिलेला नाही. जर्सीवर सलामीवाल्यांऐवजी देशांची नावं आली आहेत: यूएई, बहरीन, आणि २०२५ पर्यंत इस्रायलही. २०२५ च्या स्पेनमधल्या व्हुएल्टामध्ये इस्रायल-प्रीमियर टेक या टीमविरुद्ध गाझाच्या प्रश्नावरून इतकी निदर्शनं झाली, की टीमनं रेस चालू असताना जर्सीवरचं देशाचं नाव काढलं. तरी १४ सप्टेंबरला माद्रिदमधला शेवटचा टप्पा अर्धवट सोडावा लागला. आपण म्हणू, मला रंग आवडला म्हणून घेतली, राजकारण गेलं उडत. ठीक. पण नाव छातीवर तुमच्या आहे, आणि कुणी थांबवून विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. जर्सी घेण्यापूर्वी पाच मिनिटं काढून 'ही कंपनी कोण, ही टीम कुणाची' एवढं वाचायला हरकत नाही. फोन घेताना आपण पंचवीस रिव्ह्यू वाचतोच की.

काळी नको, आणि आत काही नको

घ्यायचीच ठरली, तर जरा कामाचं बोलू. आपल्याकडची राइड सुरू होते पहाटे, उजेडाआधी. ट्रॅफिक टाळायचं असतं, ऊन टाळायचं असतं, नऊच्या आत घरी पोचून पोहे खायचे असतात. त्या अंधारात स्कायच्या जमान्यातली काळी जर्सी दिसायला कितीही डॅशिंग असली, तरी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसतच नाही. फ्रान्समध्ये रेससाठी रस्ता बंद असतो, सोलापूर हायवे आपल्यासाठी कुणी बंद करत नाही. या एका बाबतीत ईएफचं गुलाबी किंवा मापेईचं रंगीत ध्यान जिंकतं. आणि रंग कोणताही असो, मागचा लाल लाइट लावायचाच.

मापाचं म्हणाल तर ही जर्सी साठ-पासष्ट किलोच्या, सायकलवर वाकून बसलेल्या माणसासाठी शिवलेली असते. उभं राहिलं की समोरून आखूड, मागून लांब. इटालियन कंपनीचा 'लार्ज' आपल्या 'मीडियम'लाही रडवतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली जर्सी बऱ्याच जण घेतात. वरच्या जर्सीत एकवेळ खपून जातं, पण चड्डीतलं पॅड बोगस निघालं तर तिसऱ्या तासाला प्रत्येक खड्डा मोजता येतो. म्हणून पैसे कमी असतील तर जर्सी साधी घ्या आणि खर्च चड्डीवर करा. ती खांद्यावरून पट्टे येणारी 'बिब' घेतलीत तर पोटावर इलॅस्टिक रुतत नाही. आणि नव्या लोकांना कुणी संकोचानं सांगत नाही म्हणून आम्ही छापून टाकतो: तिच्या आत अंडरवेअर घालायची नसते! शिवण घासून जखमा होतात. पांढरी चड्डी तर कुणीच घेऊ नये. पावसात भिजल्यावर ती काय काय जाहीर करते, ते तुमच्या मागच्या रायडरला विचारा.

मुलींना पूर्वी या सगळ्यात 'पुरुषांची एक्स्ट्रा स्मॉल' घेऊन भागवावं लागायचं. बायकांची टूर २०२२ पासून दर वर्षी व्हायला लागली आणि टीमच्या जर्सीमागे दुसरे चेहरे आले. व्हिस्माची पिवळी-काळी जर्सी आता एकट्या व्हिंगेगोची नाही, २०२५ ची टूर जिंकणाऱ्या पोलिन फेराँ-प्रेव्होचीही आहे. उद्या मरीन ड्राइव्हवर ती जर्सी घातलेल्या मुलीला कुणी 'व्हिंगेगोची फॅन का?' विचारलं तर उत्तर तयार ठेवावं.

दातांचा दवाखाना छातीवर

आणि कमावलेल्या जर्सी आपल्याकडेही आहेत. बीआरएम करणाऱ्यांना विचारा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, मग ३००, ४००, आणि ६०० चाळीस तासांत. एका सीझनमध्ये चारही पूर्ण झाल्या, की माणूस 'सुपर रँडोनियर', म्हणजे एसआर. एसआर लिहिलेली जर्सी घालून कुणी घाटात दिसला तर बाकीचे आपोआप वाट देतात. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीममध्ये पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच रेस एकट्यानं करून आले. जवळजवळ पाच हजार किलोमीटर! त्यांच्या नावाची जर्सी दुकानात मिळत असती तर आम्ही पहिली घेतली असती. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' झाली तेव्हा देशोदेशीच्या टीम पुणे जिल्ह्यातल्या गावांमधून गेल्या, आणि शाळेतल्या पोरांनी रस्त्याकडेला उभं राहून खरी रेसची जर्सी पहिल्यांदा दोन हातांवरून पाहिली.

तोवर बहुतेक ग्रुप आपापली जर्सी छापून घेतात. डिझाइन ग्रुपमधल्याच एखाद्या ग्राफिक डिझायनरनं रात्री जागून केलेलं. पुढे ग्रुपचं नाव, मागे स्पॉन्सर: कुणाच्या मेव्हण्याचं सायकलचं दुकान, एक डेंटल क्लिनिक, एखादा बिल्डर आणि कोपऱ्यात मिसळवाला, कारण राइड तिथेच संपते. मोल्तेनीनं सलामी विकली, आपण मिसळ विकतो, फरक तो काय? रंगावरून दोन महिने व्हॉट्सअॅपवर भांडण होतं, शेवटी सगळ्यांना नको असलेला जांभळा ठरतो. आणि माप देताना प्रत्येकजण चार वर्षांपूर्वीचं माप सांगतो. ऑर्डर देणाऱ्यानं न विचारता सगळ्यांचं एक-एक साइझ वाढवून टाकावं.